थडीचा घोडा

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें गांव पैठणीमुळें सर्वांना ठाऊक आहे. परंतु मंगळवारच्या बाजारांत तेथें घोड्यांचाहि सौदा होतो, आणि नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास तो विशेष भरास येतो, हें शहरांतल्या मंडळींना बहुधा माहीत नसतें. मारवाडांतून आलेला, कानांचीं टोकें एकमेकांस भिडलेला उंच घोडा, पंजाबकडचा दुधासारखा पांढरा नुकरा, काठेवाडचा तल्लख डोळ्यांचा कुमाइत यांच्याभोवतीं बघ्यांचें कोंडाळें जमतें. कोणी दांत उघडून वय पाहतो, कोणी मानेवरचा देवमण शोधतो, कोणी चारी पाय आणि कपाळ पांढरें असलेल्या पंचकल्याणीपुढें थबकतो. या थाटमाटापासून थोडें बाजूला, एखाद्या बाभळीच्या सावलींत, ठेंगणें, खरबरीत केसांचें, मान खालीं घालून कडबा चघळणारें एखादें तट्टू बांधलेलें असलें, तर त्याच्याकडे फारसें कोणी वळत नाहीं. किंमत विचारलीच, तर ती ओझ्याच्या हिशेबानें. आणि तरीहि दोनशें वर्षें महाराष्ट्राचें राजकारण ज्या पाठीवरून चाललें ती पाठ बव्हंशीं याच ठेंगण्या जातीची होती.

या जातीला ग्रंथांतून दख्खनी घोडा म्हणतात; पण ज्यांनीं तो पाळला त्यांनीं त्याला नद्यांचीं नांवें दिलीं. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेच्या कांठचा तो भीमथडी, नीरेच्या कांठचा नीरथडी, माण नदीच्या कांठचा माणथडी आणि गोदावरीच्या कांठचा गंगथडी. गोदावरीला गंगा म्हणण्याची आपली जुनी रीत आहे, त्यामुळें गंगथडी या नांवानें पेशवाईच्या कागदांत घोडा येतो त्याहून अधिक वेळां मुलूखच येतो. भीमथडी हें नांव तर इतकें रुळलें कीं इंग्रजी अमलांत पुणें जिल्ह्याच्या एका तालुक्याला तेंच नांव होतें. चारहि थड्यांचा घोडा मुळांत एकच. खाण्यापिण्याचा, निपजीचा आणि पाळणाराच्या आवडीचा जो फरक पडेल तेवढाच. कीर्ति मात्र भीमथडीची अधिक झाली. नाशिककरांना याचें वैषम्य वाटण्याचें कारण नाहीं, परंतु गंगथडीचें नांव कसें पुसलें गेलें ही गोष्ट पुढें सांगावी लागेलच.

नदीच्या कांठीं घोडा चांगला निपजतो यांत आश्चर्य नाहीं; पण या नद्यांचे कांठ म्हणजे कांहीं दाट कुरणांचा प्रदेश नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला पांच-सात कोस उतरलें कीं तोच पाऊस मोजून मापून पडूं लागतो. त्र्यंबकेश्वराला छत्री उडवून देणारा पाऊस सिन्नर-येवल्याकडे पोंचेपर्यंत थकलेला असतो. तेथें गवत आंखूड, कोरडें, पण कसदार उगवतें. जमीन एकीकडे काळी आणि दुसरीकडे खडकाळ. नदीकांठची हरळी हें घोड्याचें पक्वान्न. वर्षाचे चार महिने तें मिळतें आणि उरलेले आठ महिने कडब्यावर भागवावें लागतें. अशा मुलखांत वाढलेलें शिंगरूं उंच होत नाहीं. त्याचें हाड मात्र घट्ट होतें, खूर खडकावर घासून कठीण होतो आणि पोट थोडक्यांत समाधान मानण्यास शिकतें. या घोड्याचे जेवढे म्हणून गुण सांगितले जातात त्यांतले निम्मे तरी या जमिनीचे आहेत.

उरलेले निम्मे समुद्रावरून आले. बहामनी राज्यापासून दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना अरबी घोड्याची विलक्षण हांव होती. अरबस्तान आणि इराणच्या बंदरांतून जहाजें भरभरून घोडे चौल, दाभोळ आणि गोवा येथें उतरत, आणि पोर्तुगीजांनीं गोवा घेतल्यावर तर या व्यापारावर जकातीचा हात ठेवूनच दरबारांचें राजकारण खेळविलें. दर पिढीला आलेल्या या परदेशी रक्ताचा कांहीं अंश गांवोगांवच्या तट्टांत मुरत गेला. म्हणूनच थडीच्या चांगल्या घोड्याच्या कपाळावर, डोळ्यांत आणि नाकपुड्यांत अरबी पूर्वजाची ओळख पटते, आणि मान, पाय व खूर पाहिले कीं मावळ-देशाच्या मातीची.

आतां त्याचें रूप पाहूं. उंची सुमारें तेरा मुठी. मूठ म्हणजे चार इंच धरल्यास खांद्यापाशीं सव्वाचार फुटांहून थोडी अधिक. आजच्या शर्यतीच्या घोड्याशेजारीं तो उभा राहिला तर त्याचा खांदा त्या घोड्याच्या छातीला लागेल. डोकें देहाच्या मानानें किंचित् मोठें, कपाळ रुंद, डोळे मोठे आणि शांत, कान लहान व सरळ. मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचे कान आंत वळून टोकाला टोंक लावतात. थडीच्या घोड्याचे तसे नसतात, आणि मिसळ झालेलें जनावर ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. मान आंखूड पण भरलेली, आयाळ दाट, छाती रुंद, पाठ सरळ आणि आंखूड. पाठ आंखूड असणें हा ओझ्याच्या जनावराचा मोठा गुण होय, कारण लांब पाठ खोगीराखालीं लवकर वांकते. पाय बारीक दिसतात, परंतु गुडघ्याखालचें हाड हातानें चांचपून पाहिलें कीं त्या बारीकपणाची फसगत कळते. खूर लहान, काळा आणि चिवट. रंग बहुतेक सर्व आढळतात: कुमाइत, मुश्की, सब्जा, क्वचित् अबलख. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत भीमथडीच्या घोड्याला मध्यम उंचीचा, मजबूत आणि बऱ्यापैकीं देखणा म्हटलें आहे, व काळसर कुमाइत रंग आणि काळे पाय ही त्याची खूण सांगितली आहे. डफ हा साताऱ्यास राहिलेला मनुष्य. त्यानें हे घोडे रोज पाहिलेले होते.

सर्वच साहेबांचें मत असें नव्हतें. मराठ्यांच्या छावण्या पाहिलेल्या कांहीं युरोपीय लष्करी लोकांना हा घोडा हडकुळा आणि कुरूप वाटला. त्यांचेंहि पाहणें खोटें नसावें. मोहिमेहून परतलेला, चार महिने खोगीर न उतरलेला घोडा आणि पावसाळाभर हरळी खाऊन पागेंत उभा असलेला घोडा हीं दोन वेगळीं जनावरें दिसतात. शिवाय सौंदर्याचा मापदंड ज्यानें त्यानें आपल्या घरून आणलेला असतो. इंग्रजाला घोडा म्हटला म्हणजे लांब टांगांचा, उडीचा आणि चकचकीत अंगाचा पाहिजे. मराठा शिलेदाराला तो संध्याकाळीं जसा निघाला तसाच पहांटे उभा असलेला पाहिजे होता.

स्वभावाविषयीं आपल्या भाषेनेंच साक्ष ठेवली आहे, आणि ती दुहेरी आहे. एकीकडे महाराष्ट्राचें राज्यगीत म्हणून २०२३ सालीं स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतांत भीमथडीचें तट्टू यमुनेपर्यंत जाऊन पोंचतें. दुसरीकडे एकाद्या हेकट माणसाला आपण ‘अडेलतट्टू’ म्हणतों, आणि पैशासाठीं कोणाचीहि बाजू घेणाऱ्याला ‘भाड्याचें तट्टू’. एकच जनावर अभिमानाचें आणि हेटाळणीचें प्रतीक कसें झालें? अडणें ही गोष्ट खरी आहे. हें तट्टू अडतें. पण तें कोठें अडतें हें पाहिलें पाहिजे. जेथें पाणी किती खोल आहे तें कळत नाहीं, जेथें दरड सुटलेली आहे, जेथें पाठीवरचें ओझें एका बाजूला कललें आहे, तेथें तें चारी पाय रोवून उभें राहतें आणि चाबकालाहि दाद देत नाहीं. घाटांतल्या माणसाला ही अडेलवृत्ति म्हणजे शहाणपण वाटतें, आणि टांगेवाल्याला खोड. बहुधा सडकेवरच्या टांगेवाल्यांनींच हा शब्द अधिक चालविला असावा.

एरवीं हा घोडा सौम्य आहे. अरबी घोड्याची तडफ त्याच्यांत कमी. पण अरबी घोड्याचा बुजरेपणाहि कमी. तो घराच्या ओसरीला बांधून वाढलेला असतो. लहान मुलें त्याच्या पोटाखालून जातात, बायका त्याच्या पुढ्यांत घमेलें आणून ठेवतात, कोंबड्या त्याच्या पायांत दाणे टिपतात. माणसांच्या गजबजाटाची त्याला इतकी संवय होते कीं छावणींतला कोलाहल त्याला नवा वाटत नाहीं. मराठा स्वार रात्रीं मोकळ्यावर पडे तेव्हां भाला जमिनींत रोवून घोडा त्याला बांधी आणि उशाशीं लगाम घेऊन झोपे. तंबू-राहुट्यांचा पसारा नसलेल्या सैन्याला असाच घोडा लागतो. खिंकाळून शत्रूला जागा दाखविणारा, दोर तोडून उधळणारा किंवा मोतद्दाराखेरीज दुसऱ्याला हात लावूं न देणारा घोडा कितीहि सुंदर असला तरी अशा सैन्याला तो गळ्यांतली धोंड होय.

चालीविषयीं एक शब्द. भरधाव दौडींत हा घोडा अरबाच्या किंवा तुर्की घोड्याच्या मागें पडेल यांत शंका नाहीं. त्याचें बळ दुडकीच्या चालींत आहे. ही चाल तो तासन् तास, ऊन असो वा चढ असो, एकाच ठेक्यांत टिकवून धरतो. मोगलांचा स्वार चिलखत घालून, भारी खोगीर टाकून, मोठ्या घोड्यावर बसे. मैदानांत समोरासमोर त्याचा धक्का असह्य होता. पण तोच घोडा रोज शेरांच्या हिशेबानें दाणा आणि स्वच्छ पाणी मागे, आणि मागोमाग दाण्याच्या बैलांचे तांडे यावे लागत. हलक्या स्वाराचा हलका घोडा मात्र वाटेवरच्या शेतांतल्या कडब्यावर एक दिवस काढी, आणि संकटकाळीं बाजरीचें पीठ, गूळ, तूप व मसाला यांचे गोळे त्याला चारीत. निजामशाहीच्या अखेरच्या काळांत मलिक अंबरानें मोगलांविरुद्ध जी बारगीर-गिरी चालविली तिचें मर्म या हिशेबांत आहे. लहान घोड्यांवरून मोठीं राज्यें जिंकण्याचा प्रकार जगांत एकटा मराठ्यांचाच नाहीं. मंगोलांचीं तट्टें याहून उंच नव्हतीं, आणि त्यांनीं आशियाचा निम्मा भाग पायांखालीं घातला.

या हिशेबाची कसोटी नाशिकच्या परिसरांत लागली. १६७० सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत शिवाजी महाराजांनीं दुसऱ्यांदा सुरत लुटली, आणि ते बागलाणांतून मुल्हेरच्या वाटेनें परत निघाले. बरोबर लुटीचें ओझें होतें. म्हणजे हलकेपणा हेंच ज्या सैन्याचें शस्त्र, त्याच्याच पाठीवर जड भार पडला होता. इकडे दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपुराकडून धांवून चांदवडला येऊन ठेपला. सातमाळा डोंगराची ओळ ओलांडल्याखेरीज दक्षिणेला उतरतां येत नव्हतें. महाराजांनीं लूट पुढें काढून दिली आणि स्वारांच्या टोळ्या मागें वळविल्या. ऑक्टोबरच्या मध्यास वणी-दिंडोरीच्या टापूंत जी लढाई झाली तींत मोगलांची फौज ठिकठिकाणीं गांठली गेली, आणि लूट सुखरूप निसटली. आज नाशिकहून वणीच्या देवीला जाणारा यात्रेकरू याच रानांतून मोटारीनें जातो. पावसाळा नुकताच संपलेला, नाले अजून वाहते, काळी जमीन ओली; अशा वेळीं भारी घोड्याचा पाय तेथें घोट्यापर्यंत रुततो हें त्या मुलखांत नांगर धरणारा कोणीहि सांगेल.

सव्वा वर्षानें, १६७२ च्या आरंभीं, बागलाणांतच साल्हेरच्या पायथ्याशीं जी लढाई झाली ती निराळ्या तऱ्हेची. तेथें प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनीं मोगलांशीं उघड्या मैदानावर गांठ घालून त्यांचा मोड केला, आणि इखलासखान हातीं लागला. मराठ्यांचा घोडा केवळ पळण्याच्या आणि छाप्याच्या कामाचा, ही समजूत साल्हेरनें खोटी ठरविली. बखरकार या लढाईंत सांपडलेले घोडे-उंट हजारांच्या भाषेंत सांगतो. आकडे बखरीचे म्हणूनच घ्यावेत. परंतु एवढें खरें कीं अशा प्रत्येक विजयानंतर मराठ्यांच्या पागेंत परके, उंच घोडे भरती होत, आणि थडीच्या घोड्यांत पुन्हां नव्या रक्ताची भर पडे.

घोडा हें राज्याचें धन आहे ही जाणीव त्या राज्यांत किती खोल होती तें सभासदानें दिलेल्या व्यवस्थेवरून दिसतें. पागेचा बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. पांच हवालदारांचा एक जुमला. आणि दर पंचवीस घोड्यांमागें पाण्यासाठीं एक पखालजी व नालांसाठीं एक नालबंद. शस्त्रांच्या आधीं पाण्याची पखाल आणि नाल मोजणाऱ्या माणसाला घोडा समजला होता, यांत संशय नाहीं. याहूनहि बोलकें आहे तें चिपळूणच्या छावणीच्या अंमलदारांना महाराजांनीं धाडलेलें पत्र. त्याचा भावार्थ असा, कीं आतांच दाणा-वैरण मनमानेल तशी उधळाल तर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडे उपाशीं मरतील आणि ते तुम्हीच मारले असें होईल. मग तुमचे लोक रयतेच्या दाण्याला आणि गवताला हात घालतील आणि रयतेला मोगल बरा वाटूं लागेल. पुढें गवताच्या गंज्यांजवळ विस्तव व दिवा ठेवूं नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, इतक्या बारकाईपर्यंत तें जातें. घोडा वांचविणें आणि शेतकरी वांचविणें या दोन गोष्टी एकाच चिठ्ठींत आल्या, कारण त्या मुळांत एकच होत्या. थडीचा घोडा शेतकऱ्याच्या दारांतच निपजत होता.

पेशवाईंत हें सैन्य उत्तरेकडे चाललें तेव्हां नाशिकचा मुलूख त्याच्या ऐन वाटेवर पडला. चांदवडास होळकरांचा रंगमहाल, विंचुरास विठ्ठल शिवदेवांचें घराणें, मालेगांवास नारोशंकरांचा कोट, आणि पुढें नाशिकजवळ आनंदवल्लीस राघोबादादांचा वाडा. सरदारांची अशी दाटी दुसऱ्या फार थोड्या जिल्ह्यांत आढळेल. १७५८ सालीं राघोबादादा आणि मल्हारराव होळकर लाहोरांत शिरले, आणि मराठ्यांचे स्वार अटकेपर्यंत जाऊन पोंचले. यमुनेचें पाणी पाजलेलें तट्टू ही कविकल्पना नव्हे, तिच्यामागें हीच मोहीम आहे.

मात्र येथें थोडें थांबून एक भ्रम दूर करावासा वाटतो. अटकेला गेलेला प्रत्येक घोडा भीमथडीचा होता असें मानणें हें इतिहासाला सोडून आहे. सरदार मंडळी अरबी, तुर्की, काठेवाडी घोडे आवडीनें विकत घेत. सौदागर ते पुण्यापर्यंत आणून विकीत. उत्तरेंत राहिलेल्या शिंदे-होळकरांच्या पागा तिकडच्याच घोड्यांनीं भरत. थडीचा घोडा होता तो सामान्य शिलेदाराच्या मांडीखालीं आणि बुणग्यांच्या ओझ्याखालीं. आणि जसजसें सैन्य श्रीमंत झालें तसतसा तो मागें पडला. १७६० च्या अखेरीस पानिपतावर जें सैन्य कोंडलें गेलें त्याच्याजवळ तोफा होत्या, डेरे होते, यात्रेकरू व कुटुंबें होतीं. अडीच महिन्यांत घोड्यांना वैरण मिळेनाशी झाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं स्वार जेव्हां रणांत उतरले तेव्हां त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या खालचा घोडा उपासानें आधींच खचलेला होता. चिपळूणच्या पत्रांतली भीति नव्वदाहून कमी वर्षांत, घरापासून शेंकडों कोसांवर, अक्षरशः खरी ठरली. कोणत्याहि जातीचा घोडा उपाशीं लढत नाहीं. थडीचा घोडा थोडक्यांत भागवतो, कांहीं न खातां भागवीत नाहीं.

जुन्या पद्धतीची शेवटची झलक मिळाली ती येवल्यांतच जन्मलेल्या एका माणसाच्या दौडींत. ग्वाल्हेर पडल्यावर १८५८ च्या उन्हाळ्यापासून सुमारें दहा महिने तात्या टोपे राजपुताना, माळवा आणि नर्मदेपलीकडचा मुलूख यांतून इंग्रजांच्या अनेक तुकड्यांना हुलकावणी देत फिरले. त्यांचे घोडे थडीचे नव्हते. ते त्या त्या मुलखांत मिळाले तसे होते. पण लढण्याची ती रीत थडीच्या घोड्यानेंच मराठी माणसाला शिकविलेली होती. १८५९ च्या एप्रिलांत तात्यांना शिवपुरीस फांशी देण्यांत आलें.

त्याच्या पूर्वीं, १८१८ मध्येंच, थडीच्या घोड्याचा पोशिंदा गेला होता. त्र्यंबकचा किल्ला आणि मालेगांवचा कोट त्या वर्षीं इंग्रजांच्या हातीं पडले, पागा मोडल्या, शिलेदाराला घोडा बाळगण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. जो घोडा घराची प्रतिष्ठा होता तो घरावरचा खर्च झाला. कंपनी सरकारला या घोड्याची किंमत कळत नव्हती असें नाहीं. पुणें जिल्ह्यांत भीमेकांठीं आळेगांव येथें त्यांनीं सरकारी घोडपैदाशीचें केंद्र काढून पाहिलें. पण त्यांना हवा होता रिसाल्याचा उंच घोडा. मोठे वळू आणून थडीच्या घोड्यांना दाखविण्यांत आले. संतति उंच झाली, परंतु ती दाण्याला महाग आणि खडकाला नाजूक निघाली, आणि अखेर आळेगांवचें केंद्र बंद झालें. या प्रयोगांत जुनी शुद्ध वीण मात्र विसकटली ती विसकटलीच. सुधारणा करावयाची ती कशासाठीं, हा प्रश्न ज्या सुधारणेंत विचारला जात नाहीं तिचें असेंच होतें.

नाशिकला पुढचा आघात रुळांनीं केला. १८६५ पर्यंत थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि घाटांतून माल वाहणाऱ्या तट्टांचें काम एकाएकीं हलकें झालें. स्टेशन गांवापासून चार-पांच मैलांवर, त्यामुळें घोड्याला थोडा काळ दुसरी नोकरी मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक आणि नाशिकरोड यांच्यामध्यें ट्रामगाडी सुरू झाली, आणि आरंभीं ती घोडेच ओढीत. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ट्रामहि बंद पडली. टांगे त्यानंतरहि कित्येक वर्षें पंचवटीच्या वाटेवर घंटा वाजवीत राहिले. टांग्याला जें जनावर लागतें तें स्वस्त असलें म्हणजे पुरे. त्याची वंशावळ कोणी विचारीत नाहीं. गंगथडीचा घोडा कोणत्या वर्षीं संपला असें सांगतां येत नाहीं, कारण तो मेला नाहीं, नुसता टांग्याला जुंपून निनांवी झाला.

भीमथडीचा वांचला, आणि तो वांचविला धनगरांनीं. पुणें, सातारा, सोलापूर, सांगली आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, या जिल्ह्यांतले मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या मेंढ्यांमागें भटकतात, आणि त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. त्यांना उंच घोडा नको होता, देखणा नको होता, दाणा मागणारा तर नकोच होता. ज्या गुणांसाठीं शिलेदारानें हें जनावर निवडलें होतें तेच गुण मेंढपाळाला लागत होते, म्हणून तलवार गेली तरी वीण टिकली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३-२४ च्या सुमारास भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, भूटिया आणि झंस्करी यांच्या पंक्तीला तो बसला. अटकेपर्यंत ज्याचें नांव गेलें त्याला आपल्याच देशाच्या वहींत नांव लागण्यास इतका काळ जावा लागला.

नोंद झाली म्हणून धोका टळला असें नव्हे. जनावरें उरलीं आहेत तीं फार थोडीं, आणि तीं ज्यांच्याजवळ आहेत त्यांचा चालण्याचा मार्गच आक्रसतो आहे. गायरानें कुंपणांत गेलीं, ओसाड माळांवर ऊंस आणि द्राक्षें आलीं, रस्त्यावरून शेंदोनशें मेंढ्यांचा कळप न्यावयाचा म्हणजे ट्रकांशीं झुंज. मेंढपाळाचा मुलगा संसार हलविण्यासाठीं टेम्पो भाड्यानें घेऊं लागला तर घोडी पाळण्याचें कारणच राहणार नाहीं. दुसरीकडे बाजारांत भाव मिळतो तो लग्नाच्या वरातींत नाचणाऱ्या उंच घोड्याला. तेव्हां थडीच्या घोडीला मारवाडी वळू दाखविण्याचा मोह कोणालाहि व्हावा हें स्वाभाविक आहे. आळेगांवाला सरकारनें जें केलें तेंच मग बाजार करील, आणि त्याला कोणी अहवालहि मागणार नाहीं.

तूर्त मात्र दिवाळीनंतर वाडा हलतो. देशावरचा धनगर मेंढ्या घेऊन कोंकणच्या वाटेला लागतो तेव्हां घोड्यांवर राहुटीचा गुंडाळा, तांब्या-पितळेचीं भांडीं, जात्याचीं तळीं आणि जाळींत घातलेलीं नुकतीं जन्मलेलीं कोंकरें चढवितात. दोन कोंबड्या पाय बांधून वर ठेवतात. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, गोधडीच्या वळकटींत, घरांतलें तान्हें बसवितात. नदीचा उतार येतो तेव्हां पुढची घोडी क्षणभर थांबते, पाण्याचा वास घेते, एक पाय घालून पाहते आणि मग सावकाश पलीकडे जाते. तिचा लगाम कोणीहि धरलेला नसतो.